‘ट्रू’ची दहा वर्षं : एका श्रवणसत्राच्या नोंदी

२ जुलै २०२३, रविवार

वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याला आमचं श्रवणसत्र भरतं. आजवर नाट्यपदं झाली, ठुमरी झाली, भावगीतं झाली, एकदा दोन तास नुसती सनई ऐकली. सप्टेंबरचं सत्र माझ्याकडे आलंय. आज बैठकीत मी विषय सांगितला : स्वीडनचा डीजे आणि नाचाच्या संगीताचा निर्माता अवीची, त्याचा पहिला अल्बम, ‘ट्रू’. सप्टेंबर २०१३ मध्ये तो आला, यंदा दहा वर्षं होतील.

एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, “नाचायचं संगीत खुर्चीत बसून ऐकायचं का?” प्रश्न रास्त आहे. तोंडी उत्तर दिलं नाही, सत्रातच द्यायचंय.

मी पेटी शिकवते. या वाटेला आणलं भाच्यानं. त्यातलं ‘वेक मी अप’ हे गाणं आलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आता विशीत आहे आणि रात्री जागून स्वतःचे ट्रॅक बनवतो. गेल्या दिवाळीत त्यानं हेडफोन माझ्या कानांना लावले. “मावशी, आधी फक्त गिटार ऐक.” ऐकली. तेव्हापासून हा अल्बम माझ्या कामाच्या वेळेतही वाजतो.

तारीख ठरली : १० सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ५. गणपती १९ तारखेला बसतायत, त्याच्या आत उरकायला हवं. वेळ दीड तास. निवेदन मराठीत, पूर्ण लिहून.

९ जुलै, रविवार

आज फक्त नावावर काम.

खरं नाव टिम बर्गलिंग. जन्म ८ सप्टेंबर १९८९, स्टॉकहोम. ‘अवीची’ हा शब्द मात्र आपल्याकडचा. वाचनालयात पाली शिकवणाऱ्या ताई येतात, त्यांना विचारलं. वीचि म्हणजे लाट. अवीचि म्हणजे जिथे लाट नाही, मध्ये उसंत नाही, खंड नाही. बौद्ध ग्रंथांत सर्वांत खालच्या नरकाचं हे नाव, जिथे यातना क्षणभरही थांबत नाहीत. मी आतापर्यंत ‘आविची’ म्हणत होते. ताई म्हणाल्या, “पहिला अ ऱ्हस्वच ठेवा. तो नकाराचा अ आहे. आ केलात की अर्थच गेला.”

टिमला हा शब्द एका मित्राकडून कळला. मायस्पेस या समाजमाध्यमाच्या साइटवर स्वतःच्या नावानं खातं काढायला गेला तर ते आधीच कुणी घेतलेलं, म्हणून हे घेतलं. तेही कुणीतरी घेतलं होतं, म्हणून रोमन लिपीत शेवटी एक जास्तीचा ‘आय’ लावला. एवढीच हकीकत.

२० एप्रिल २०१८ला मस्कतमध्ये तो गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याचं नाव आणि त्याचा शेवट यांची गाठ मारणारं बरंच लिखाण वाचनात आलं. सत्रात ती गाठ मारायची नाही, असं मी ठरवलंय. मायस्पेसवर खातं काढणाऱ्या पोराला सुचलेलं नाव होतं ते.

१६ जुलै, रविवार

‘वेक मी अप’ पेटीवर घेऊन बसले. गाणं बी मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पट्टीच्या भाषेत सा पांढरी सातचा. गंधार, धैवत, निषाद कोमल. थाट बघायचा तर आसावरीचा पडतो. राग शोधायला जाऊ नये, चलन रागाचं नाही, पण मायनर म्हणजे काय हे आमच्या श्रोत्यांना या वाटेनं पटकन कळेल.

लय मिनिटाला १२४ मात्रा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी, केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन ३.८७ सेकंदांत पूर्ण होतं. चार-चार मात्रांचे सोळा बार म्हणजे जवळजवळ ३१ सेकंद. नाचाच्या संगीतात बहुतेक सगळं आठ आणि सोळा बारच्या घडीवर चालतं. नवं वाद्य येतं ते घडीच्या सुरुवातीला, जातं तेही घडी संपताना. घडघड वाजणाऱ्या या संगीताला इतका शिस्तीचा हिशेब आहे हे कळल्यावर मला ते एकदम जवळचं वाटायला लागलं.

आणि गाण्याची सुरुवात ना ढोलाची, ना यंत्राची. एक साधी ॲकूस्टिक गिटार, मग एक माणूस गायला लागतो. आवाजात सोल संगीताचा गोडवा, चाल गावाकडच्या अमेरिकी गाण्यासारखी. नाचाचा ठोका नंतर येऊन मिळतो.

१८ जुलै, मंगळवार

आजपासून अधिक श्रावण. माडीची खोली १० सप्टेंबरला मिळेल असं कार्यवाहांनी सांगितलं. खुर्च्या ६०. चहाचं सांगून ठेवलं. पाऊस लागून राहिलाय, माडीच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे. स्पीकर तिथे ठेवायचे नाहीत.

२३ जुलै, रविवार

दिवसभर एकच काम केलं : कोणत्या गाण्यावर कुणाचे हात आहेत याची यादी. अल्बमच्या मुखपृष्ठावर नाव एकच आहे. गाण्यांच्या नावांपुढेही गायकांची नावं जोडलेली नाहीत. आत बारीक अक्षरांत सगळं आहे, पण ऐकणारा तिथवर जात नाही. मीही गेले नव्हते. नऊ महिने मी तो आवाज ऐकत होते आणि तो अवीचीचाच आहे असं धरून चालले होते.

वहीत उतरलेलं असं :

‘वेक मी अप’चा आवाज अ‍ॅलो ब्लॅक यांचा. कॅलिफोर्नियाचे, आईवडील पनामाचे. शब्द मुख्यतः त्यांचे. गिटार इन्क्युबस या रॉक बँडचे माइक आइनझिगर यांची. तिघांनी मिळून गाणं केलं.

‘हे ब्रदर’ गायलंय डॅन टायमिन्स्की यांनी. अ‍ॅलिसन क्राउस यांच्या युनियन स्टेशन या ब्लूग्रास बँडमधले गायक-वादक. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं तंतुवाद्यांचं लोकसंगीत : बँजो, मँडोलिन, फिडल. यांच्याबद्दलची एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला फोड न करता समजेल. २००० सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात जॉर्ज क्लूनी जे लोकगीत गाताना दिसतो, तो आवाज टायमिन्स्कींचा आहे. अमेरिकेत अशी उदाहरणं थोडी. आपण त्याला पार्श्वगायन म्हणतो आणि त्यावर वाढलो. अवीचीकडून निरोप आला तेव्हा हा कोण हे टायमिन्स्कींना ठाऊक नव्हतं, त्यांच्या मुलीनं सांगितलं. मलाही भाच्यानंच सांगितलं होतं.

‘अ‍ॅडिक्टेड टू यू’ मध्ये ऑड्रा मे. गाणं लिहिताना सोबत मॅक डेव्हिस होते, १९६९ साली एल्व्हिस प्रेस्लीसाठी ‘इन द घेटो’ लिहिणारे. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी ते एका तेवीस वर्षांच्या स्वीडिश मुलाबरोबर नाचाचं गाणं लिहीत बसले. या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या.

‘यू मेक मी’ सालेम अल फकीर यांचं. स्वीडनचे, वडील सीरियाचे. ‘हे ब्रदर’च्या लेखनातही ते आहेत, व्हिन्सेंट पोन्टारे आणि व्हेरोनिका मॅजिओ यांच्याबरोबर. ‘ले मी डाउन’ गायले अ‍ॅडम लँबर्ट आणि गिटारवर नाइल रॉजर्स, डिस्कोच्या काळातले शिक गटाचे. त्याच वर्षी डाफ्ट पंकच्या ‘गेट लकी’वरही त्यांचीच गिटार होती. ‘डिअर बॉय’ डेन्मार्कच्या मो यांचं. ‘होप देअर्स समवन’ हे मुळात अँटनी अँड द जॉन्सन्स यांचं २००५ सालचं गाणं, इथे लिनेआ हेन्रिक्सन गातात.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. “तुला हे सगळे माहीत होते?” तो म्हणाला, “अ‍ॅलो ब्लॅक माहीत होता. बाकीचे... मावशी, मी कधी बघितलंच नाही.”

सत्राचा गाभा इथे सापडला. प्रत्येक गाण्याआधी सगळ्यांची नावं घ्यायची. आकाशवाणी घेते तशी.

३० जुलै, रविवार

आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक उद्घोषक आमच्या गल्लीत राहतात. मी त्यांना काका म्हणते. सगळी यादी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि निवेदन तुम्हीच करा म्हणाले. आधी ते नको म्हणत होते. यादी चष्मा लावून दोनदा वाचली, मग म्हणाले, “एवढ्या लोकांची नावं कुणी घेतली नाहीत का अजून?”

त्यांनी लगेच क्रम लावून दिला. गायक, मग शब्द, मग संगीत, मग कुणी खास वादक असेल तर तो. वाक्य नेहमीचंच : “ऐकू या... स्वर... यांचा, शब्द... यांचे.” गाणं संपल्यावर गायकाचं नाव पुन्हा एकदा, कारण मध्येच रेडिओ लावणाऱ्याला सुरुवात मिळालेली नसते. सत्रात मध्येच कुणी येणार नाही, पण पुन्हा घ्यायचंच म्हणाले.

मग एक गोष्ट सांगितली, ती निवेदनात घालणार आहे. १९४९चा ‘महल’. खेमचंद प्रकाश यांचं संगीत. ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. लोकांनी रेडिओला पत्रांवर पत्रं लिहिली, कोण गातंय सांगा. मग लता मंगेशकरांचं नाव हवेवर गेलं. काका म्हणाले, “श्रोत्यांनी विचारलं म्हणून. आपोआप नाही गेलं.”

परदेशी नावांची तालीम तासभर. टायमिन्स्की त्यांना पहिल्या फटक्यात जमलं. आइनझिगरला वेळ लागला. प्रत्येक नाव त्यांनी देवनागरीत स्वतःच्या हातानं लिहून घेतलं, श्वास घ्यायच्या जागी तिरकी रेघ मारून.

५ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस जुन्या गाण्यांत गेला. आवाज एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे नाचाच्या संगीतात आधीपासून चालत आलंय, आणि झळ बसली ती बहुतेक कृष्णवर्णीय गायिकांना.

१९८९चं ब्लॅक बॉक्स या गटाचं ‘राइड ऑन टाइम’. इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला तो फोडून निघणारा आवाज लोलिएटा हॉलोवे यांचा, १९८०च्या ‘लव्ह सेन्सेशन’ मधून उचललेला. पडद्यावर मात्र एक मॉडेल ओठ हलवत होती. पुढच्याच वर्षी सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या गाण्यात मार्था वॉश यांचा आवाज, आणि व्हिडिओत दुसरीच गायिका. मार्था वॉश न्यायालयात गेल्या, भांडून नाव मिळवलं.

‘ट्रू’च्या आधी अवीचीला जगभर नेणारं २०११चं ‘लेव्हल्स’ही मी याच रांगेत ठेवून ऐकलं. त्यातली गायकीची ओळ एटा जेम्स यांची, १९६२च्या ‘समथिंग्ज गॉट अ होल्ड ऑन मी’ मधली. मूळ गाणं लावलं तर सुरुवातीला त्या चर्चमध्ये गावं तशी साद घालतात. दोन्ही पाठोपाठ ऐकवायची. ‘लेव्हल्स’ ऐकणाऱ्या किती मुलांना एटा जेम्स हे नाव सांगता येईल?

‘ट्रू’ची गोष्ट या गायिकांसारखी नाही, हेही निवेदनात स्पष्ट सांगायचं. इथे गायकांना बोलावून काम झालं. ज्यांनी लिहिलं त्यांचं लेखनात नाव आहे, वाटा आहे. फक्त दर्शनी पाटीवर नाव नाही. दोन गोष्टी एका मापानं मोजल्या तर अन्याय होईल.

१३ ऑगस्ट, रविवार

भाचा दोन दिवस आलाय. त्यानं लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. अवीची यातच काम करायचा. पडद्यावर डावीकडे उभी पेटी काढलेली, उजवीकडे चौकटी. कोणता सूर किती वेळ, ते माउसनं आखायचं. अवीची बरंचसं असंच माउसनं एकेक सूर मांडून करायचा. पेटी शिकवताना मी वहीत स्वरलिपी मांडते, त्याच्या जवळचं काम आहे हे. बोटांची तयारी लागत नाही, कान पक्का लागतो.

दोन गोष्टी नीट समजून घेतल्या, कारण त्या मला श्रोत्यांना सांगायच्या आहेत.

पहिली, ड्रॉप. ठोका काढून घेतात, आवाज चढत जातो, टाळ्यांसारखे ठोके दुगुन-चौगुन होतात, क्षणभर सगळं थांबतं आणि मग पूर्ण वजनानं ठोका येऊन पडतो. तबल्याचा श्रोता तिहाई मोजत असतो आणि समेवर मान हलवतो, तीच जागा. फरक एवढाच की इथे सम येणार हे हजारो लोकांना उभ्या-उभ्या शरीरातून कळलेलं असतं. ‘वेक मी अप’ मध्ये त्या समेवर नुसता ठोका येत नाही, नाचऱ्या लोकगीताची वाटावी अशी एक पूर्ण चाल येते, गुणगुणता येईल अशी. मला वाटतं, हे गाणं टिकलं ते त्या चालीमुळे. मी पेटीवर काढली, वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलीनं ती ऐकून लगेच म्हटली.

दुसरी, साइडचेन. किक, म्हणजे खालचा जड ठोका, पडली की बाकीची वाद्यं त्या क्षणी आपोआप दबतात आणि लगेच वर येतात. त्यामुळे सगळं संगीत श्वास घेतल्यासारखं खाली-वर होतं. भाच्यानं ते चालू-बंद करून दाखवलं. बंद केल्यावर तेच सूर, पण निर्जीव. मी म्हटलं, चांगला साथीदार गायकाची जागा आली की हात हलका करतो, तसंच की. तो म्हणाला, “हो, पण मावशी, इथे दर ठोक्याला करतो. मिनिटाला १२४ वेळा.”

२० ऑगस्ट, रविवार

सत्राचा क्रम लावला. सुरुवात मायामीपासून करायची.

मार्च २०१३, अल्ट्रा म्युझिक फेस्टिव्हल. लोक ‘लेव्हल्स’च्या तयारीनं आलेले. अवीचीनं मंचावर माणसं आणली : गिटार, बँजो, आइनझिगर, अ‍ॅलो ब्लॅक, टायमिन्स्की, ऑड्रा मे, मॅक डेव्हिस. नवी गाणी तिथे पहिल्यांदा वाजली. गर्दी गोंधळली. ब्लूग्रास ऐकायला आलो नव्हतो, असा सूर नंतर कित्येक दिवस होता. जूनमध्ये ‘वेक मी अप’ प्रसिद्ध झालं, इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १००मध्ये चौथ्यापर्यंत. युरोपात तर देशोदेशी पहिलं.

यश मी तीन वाक्यांत उरकणार आहे. मला वेळ द्यायचाय तो मार्चमधल्या त्या संध्याकाळला. स्वतःच्या नावावर जमलेल्या गर्दीसमोर बँजो घेऊन उभं राहायला काय लागत असेल, हे संगीत नाटकाची परंपरा पाहिलेल्या आमच्या ज्येष्ठांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

दहापैकी सहा गाणी पूर्ण वाजवायची. ‘डिअर बॉय’ आठ मिनिटांचं आहे, त्याचा तुकडा घ्यावा का? काका म्हणाले, तुकडा घ्यायचा असेल तर घेऊच नका. नाही घेतलं.

२७ ऑगस्ट, रविवार

पैशांचा भाग लिहिला. कोरडा होईल अशी भीती होती, पण आकडेच बोलके आहेत.

२०१४ साली अ‍ॅलो ब्लॅक यांनी ‘वायर्ड’ या मासिकात लेख लिहिला. पँडोरा या इंटरनेट रेडिओवर अमेरिकेत ‘वेक मी अप’ १६ कोटी ८० लाख वेळा वाजलं. गाणं लिहिल्याबद्दल त्यातून आले १२,३५९ डॉलर, तेही तीन लेखक आणि त्यांचे प्रकाशक यांच्यात मिळून. ब्लॅक यांच्या हातात चार हजारांहून कमी. मी भागाकार केला : हजार वेळा वाजल्यावर सगळ्यांचे मिळून सुमारे सात सेंट. हा फक्त लेखनाचा मेहनताना, ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा असतो, हे निवेदनात जोडलं आहे, नाहीतर चित्र चुकीचं जाईल.

आपल्याकडचा दुवा इथेच बसतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराला, संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा परस्पर सोडून देता येणार नाही अशी तरतूद आली. गायकालाही वाटा मिळाला. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि एक मुद्रणाचा. आमच्याही सत्राला हे लागू होतं का, म्हणून कार्यवाहांबरोबर कायद्याचं कलम ५२ वाचलं. नफ्यासाठी न काढलेल्या मंडळाच्या उपक्रमाला त्यात सूट आहे. प्रवेश विनामूल्य ठेवतोच आहोत, देणगीची पेटीही त्या दिवशी उचलून ठेवायची असं ठरलं.

३ सप्टेंबर, रविवार

माडीवर आवाजाची चाचणी. साउंडवाल्याकडून दोन टॉप स्पीकर, एक बेस स्पीकर आणि छोटा मिक्सर आणला. चालू केल्याबरोबर ‘ऊंऽऽ’ अशी घरघर. तासभर वायरी बदलल्या. मग भाच्याला फोन केला, तो म्हणाला लॅपटॉपचा चार्जर काढ. काढला, घरघर गेली. लॅपटॉप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर होता, दोघांच्या अर्थिंगचा फेरा तयार होऊन विजेचा ५० हर्ट्झचा सूर आत शिरत होता. आता दोन्ही एकाच बोर्डावर.

बेस मात्र अडचणीचा. खोली लांबट आणि रिकामी, किकचा ठोका भिंतीवरून परत येऊन पुढच्या ठोक्यावर चढत होता. १२४च्या लयीत तर चिखल होतो. सतरंज्या घातल्या, मागच्या भिंतीला पुस्तकांची दोन कपाटं सरकवली, बेस कोपऱ्यातून काढून पुढे आणला. कोपऱ्यात ठेवलेला बेस फुगतो. आवाज एवढाच ठेवला की शेजारच्याशी बोलता यावं. टायमिन्स्कींच्या गळ्यातली ती किंचित खरखर शेवटच्या रांगेत पोहोचते का, हे मी स्वतः तिथे बसून पाहिलं. पोहोचते.

७ सप्टेंबर, गुरुवार

दहीहंडी. चौकात दुपारपासून भिंतीएवढे स्पीकर. घराच्या खिडक्या थरथरत होत्या. तालीम रद्द.

खिडकीत उभी राहून ऐकत होते. रीमिक्समध्ये एका लावणीचा तुकडा वारंवार येत होता, जुन्या ध्वनिमुद्रणातला, पिच चढवलेला. गाणारी कोण, मला ओळखता आलं नाही. लोक तिच्या आवाजावर तीन तास नाचले.

९ सप्टेंबर, शनिवार

काकांबरोबर शेवटची तालीम. गाणी आणि निवेदन मिळून दीड तासाच्या आत बसलं. मस्कतचा परिच्छेद त्यांनी अर्ध्यावर आणला. २०१२पासूनचं दुखणं, स्वादुपिंडाचा आजार, २०१६मध्ये दौरे थांबवले, २०१८. एवढंच. “बातमी वाचतो तसं वाचेन,” म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. त्यानंतर लगेच ‘होप देअर्स समवन’ लावायचं, मध्ये एक शब्द नाही.

१० सप्टेंबर, रविवार

माणसं ७४. खुर्च्या कमी पडल्या, मुलं सतरंजीवर बसली. एका बाजूला आमचे नेहमीचे ज्येष्ठ, दुसऱ्या बाजूला भाच्याचे कॉलेजातले मित्र.

काकांनी पहिलं निवेदन केलं : “ऐकू या, ‘वेक मी अप’. स्वर अ‍ॅलो ब्लॅक यांचा. गीत-संगीत टिम बर्गलिंग, माइक आइनझिगर आणि अ‍ॅलो ब्लॅक. गिटार, माइक आइनझिगर.” मुलांमध्ये हसू फुटलं, कारण पाठ असलेलं गाणं त्यांनी या आवाजात, या थाटात कधीच ऐकलेलं नव्हतं. गिटार सुरू झाली आणि हसू थांबलं.

ड्रॉपच्या आधी मी हातानं तिहाई दाखवली. समेवर ज्येष्ठांच्या रांगेत मान हलली, जुलैत प्रश्न विचारणाऱ्या सभासदांचीसुद्धा. नंतर त्यांनीच मला सांगितलं, “पाय आपसूक हलत होता, पण मी शब्द ऐकत होतो.”

‘हे ब्रदर’च्या वेळी क्लूनीच्या मागचा आवाज हाच, हे काकांनी सांगितलं तेव्हा मागून एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, “म्हणजे तिकडेही प्लेबॅक!” एटा जेम्स यांचं गाणं मुलांना सगळ्यांत आवडलं. एकीनं वहीत नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

काय फसलं तेही लिहून ठेवते. पैशांचा भाग लांबला, दोन आकडे कमी चालले असते. ‘यू मेक मी’ नंतर काकांनी सालेम अल फकीर यांचं नाव पुन्हा घ्यायचं राहून गेलं. ते खाली उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, तर परत वर येऊन, माईक बंद झालेला होता तरी, उरलेल्या दहा-बारा माणसांसमोर त्यांनी ते घेतलं.

१७ सप्टेंबर, रविवार

नावांची पूर्ण यादी काकांच्या अक्षरातच वाचनालयाच्या फलकावर लावली आहे. तिरक्या रेघा तशाच आहेत.

भाचा गणपतीसाठी आलाय. त्याचा पहिला ट्रॅक तयार होतोय, त्यात गावातल्या एका हलगीवाल्यांचं वादन आहे आणि ओव्या म्हणणाऱ्या एका आजींचा आवाज. दोन्ही त्यानं मे महिन्यात मोबाइलवर मुद्रित केलं होतं, परवानगी तोंडी. काल तो मोटारसायकलवरून त्या गावी जाऊन आला. दोघांना ट्रॅक ऐकवला, ठरलेला वाटा कागदावर लिहून सह्या घेतल्या. आजींनी अंगठा दिला. त्यांचं नाव त्याच्या फाइलमध्ये ‘आजी २’ असं होतं. त्यांना पूर्ण नाव विचारलं, तर आधी त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. मग त्यानं पुन्हा विचारलं.

आता फाइलचं नाव बदलून झालंय. ठोका अजून थोडा जड आहे, ओवीच्या दुसऱ्या कडव्यात त्यांचा शेवटचा स्वर दबतो. साइडचेन तिथे काढायला सांगितलंय.